जॉर्जियन कविता: पाच खंडांतून वाट कशी काढावी

आधी नावाचा गोंधळ मिटवून टाका. 'जॉर्जियन' म्हटलं की अठराव्या शतकातल्या इमारती नि फर्निचर समोर येतं. इथला जॉर्ज म्हणजे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज, १९१० साली गादीवर आलेला; त्याच्या काळातल्या इंग्रजी कवितेच्या एका चळवळीला हे नाव मिळालं. शोधताना एडवर्ड मार्श हे संपादकाचं नाव जोडा, नाहीतर जॉर्जिया देशाची कविता हाती लागेल. विन्स्टन चर्चिलचा खासगी सचिव असलेल्या या मार्शने निवडलेल्या कवितांचे पाच खंड लंडनच्या पोएट्री बुकशॉपने १९१२ ते १९२२ या काळात काढले. दुकान हॅरल्ड मन्रो या कवीचं. पाचही खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात.

पहिला खंड (१९११-१२) उघडा, पण पहिल्या पानापासून वाचू नका. कवी आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेत, त्यामुळे सुरुवातीलाच लॅसेल्स ॲबरक्रॉम्बीचं 'द सेल ऑफ सेंट थॉमस' हे लांबलचक नाट्यकाव्य आडवं येतं. हिंदुस्थानात जायला कचरणारा संत थॉमस हा विषय आपल्याला खुणावेल, तरी ते मागे ठेवा. नव्या वाचकाचा दम तिथेच संपतो.

थेट वॉल्टर डी ला मेअरच्या 'द लिसनर्स'वर या आणि ती मोठ्याने वाचा. मराठी कानाला मात्रा किंवा अक्षरं मोजायची सवय असते, आणि नेमकी तीच इथे दगा देते. पहिल्या ओळीत बारा उच्चारी अक्षरं (सिलेबल), दुसरीत सात. हिशोब जुळत नाही म्हणून लय विस्कटलेली वाटते. मोजायचे ते आघात, म्हणजे बोलताना जोर पडतो त्या जागा. टेबलावर बोटाने ठोका द्या: पहिल्या ओळीत 'एनी', 'देअर' आणि 'ट्रॅव्ह'वर, दुसरीत 'नॉक', 'मून' आणि 'डोअर'वर. दोन्हींकडे तीनच. मधली अक्षरं कमी असली की ओळ रेंगाळते, जास्त असली की धावते. रिकाम्या घराचं दार ठोठावणाऱ्या त्या प्रवाशाची अस्वस्थता या कमीजास्तीतूनच येते. आघात कळेपर्यंत अर्थाच्या मागे लागू नका.

मग रूपर्ट ब्रूकची 'द ओल्ड व्हिकारेज, ग्रँटचेस्टर'. ओळीत चार आघात, दोन-दोन ओळींना यमक. ही फक्त ग्रँटचेस्टर या केंब्रिजजवळच्या गावाच्या आठवणीने गहिवरलेली कविता समजून वाचली की फसते. मे १९१२मध्ये बर्लिनच्या कॅफेत बसून लिहिताना ब्रूक मधेच जर्मन शब्द घुसवतो, केंब्रिजकरांना टोमणे मारतो, शेजारच्या गावांची एकेक करून खोडी काढतो. तिथे हसू आलं नाही, तर वाचण्याचा वेग चुकला म्हणायचा: जरा पळवा.

दुसऱ्या खंडातलं निवडून वाचलंत तरी चालेल. तिसरा (१९१६-१७) मात्र सोडू नका. 'जॉर्जियन म्हणजे फुलं-पाखरं' हा समज मोडायला सिगफ्रीड ससूनची बारा ओळींची 'दे' पुरते. पहिल्या सहा ओळींत बिशपचं प्रवचन, पुढच्या पाचांत सैनिकांचं उत्तर: कुणाचे पाय गेले, कुणाचे डोळे; शेवटची ओळ पुन्हा बिशपची. यमकं तीच गोडगोड चालीची ठेवलीत, म्हणून तर जास्त झोंबतं. रॉबर्ट ग्रेव्ह्ज आणि आयझॅक रोझेनबर्गही याच खंडात आहेत.

चळवळीचं नाव खराब झालं ते मुख्यतः शेवटच्या दोन खंडांनी. चंद्र, कुरणं, पक्षी यांची तीच तीच नक्षी. वरवर चाळा. पाचवा खंड आला त्याच वर्षी टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता आली, आणि पुढे सगळ्याच जॉर्जियनांना एका मापाने मोजलं गेलं.

एडवर्ड टॉमस हा कवी या पाचांपैकी एकाही खंडात नाही, पण त्याच्यावाचून वाचन अपुरं. त्याच्या 'ॲडलस्ट्रॉप' या कवितेच्या सोळा ओळी वाचताना पूर्णविराम पाळा: पहिल्याच शब्दानंतर एक येतो, चौथ्या-पाचव्या ओळींतही वाक्यं मधेच तुटतात. यमक गाठायच्या घाईत हे विराम गिळले, तर आडस्टेशनवर उभी राहिलेली ती एक्सप्रेस थांबतच नाही.