मशीनला शिव्या देण्याआधी: घरच्या टिग वेल्डिंगमध्ये या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलंय. वय पंचविशीच्या आतबाहेर, गाडी बुलेट, खांद्याला सॅक आणि सॅकमध्ये टिगची टॉर्च आणि काळाठिक्कर पडलेला पत्र्याचा तुकडा. पहिलं वाक्य ठरलेलं: "मामा, मशीनच फॉल्टी आलंय."

टिग म्हणजे टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीच्या टोकाशी विजेचा आर्क पेटवून, आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली धातू वितळवून जोडायची पद्धत. मशीन म्हणजे ऑनलाइन मागवलेला दोनशे अँपिअरचा वेल्डिंगचा इन्व्हर्टर. पार्किंगच्या कोपऱ्यात मांडलेला. आधी मोबाइलवर रीळ बघितलेली असते, त्यात नाण्यांची चळत आडवी पडावी तशी वेल्ड पडत जाते. याच्या पत्र्यावर मात्र शेणी थापलेल्या.

मी मशीनकडे बघतच नाही. तुकडा हातात घेतो, कारण तुकडा सगळं बोलतो. काळी काजळी, बारीक भोकं, टंगस्टनच्या टोकाला आलेला गोळा, प्रत्येकाची तक्रार वेगळी असते आणि दहातल्या नऊ वेळा ती मशीनबद्दल नसते. ज्यांनी आधी साधं रॉडचं वेल्डिंग केलंय ते तर जास्तच फसतात. रॉड आपलं पांघरूण आपल्याबरोबर घेऊन येतो. वरचा फ्लक्स जळतो, धूर होतो, मळी वर येते, थोडाफार गंज आणि रंगही तो पोटात घालतो. टिगमध्ये यातलं काहीच नाही. वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवायला फक्त आर्गॉन, आणि मळ काढायला फक्त तुम्ही.

गॅस सिलिंडरमधून निघतो, पण पोहोचतो का?

ही माझी आवडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय आणि बऱ्यापैकी इभ्रत घालवून केलीय.

एका दूध डेअरीसाठी स्टेनलेसची टाकी करत होतो. 304 चा दोन मिलीमीटर पत्रा, काम सोपं. सकाळी पहिला जोड मारला, राखाडी. दुसरा मारला, राखाडी आणि वर भुरा. स्टेनलेसचा जोड कसा पाहिजे, तर सोनेरी किंवा फार तर गुलाबी-जांभळट. राखाडी पडला म्हणजे हवा लागली. मी लगेच निकाल देऊन टाकला की गॅस भेसळीचा आहे. सिलिंडर टेम्पोत टाकला, जिथून आणला होता तिथं गेलो आणि चार लोकांसमोर तोंडाला येईल ते बोललो. त्या माणसानं मुकाट्यानं दुसरा सिलिंडर दिला. जोड पुन्हा राखाडी. परत गेलो, परत बोललो, तिसरा आणला. तोही तसाच.

संध्याकाळी पोरानं टॉर्च साफ करायला खोलली आणि मागच्या टोपीतला काळा रबरी ओ-रिंग माझ्या तळहातावर ठेवला. वाळलेला, एका जागी चिरलेला. टंगस्टन जिथं मागं झाकतो ती टोपी गच्च बसत नव्हती. तिथून आर्गॉन बाहेर निसटत होता आणि बाहेरची हवा आत ओढली जात होती. पुढं कपातून, म्हणजे टॉर्चच्या तोंडातून, फुस्स आवाज येत होता, म्हणून मी गॅस पोहोचतोय असं धरून चाललो होतो. जोड काळा पडत होता तो काही रुपयांच्या रबरापायी. दुसऱ्या दिवशी मिठाईचा बॉक्स घेऊन त्या गॅसवाल्याकडे गेलो. त्यानं बॉक्स घेतला, पण अजून माझ्याकडे बघून हसतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की जोड काळा पडला की आधी मागची टोपी. मग कोलेट बॉडी (टंगस्टन पकडणारा टॉर्चमधला भाग) आणि कप घट्ट आहेत का. मग पाइपचा प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्यानं. हातानं चाचपून गळती कळत नाही, बुडबुडा खोटं बोलत नाही. आणि पाइपला क्लिप लावा हो, तार पिळून बांधू नका. दहा लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये 150 बारला साधारण पंधराशे लिटर आर्गॉन असतो. मिनिटाला अर्धा लिटर गळत असेल आणि रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुम्ही विसरलात, तर दहा तासांत तीनशे लिटर गेला. पाचवा हिस्सा, आणि एकही जोड न मारता.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे पंखा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बसलं की जीव नकोसा होतो, कबूल. पण डोक्यावर पंखा गरगरत असताना तुम्ही टिग करणार म्हणजे उदबत्तीचा धूर सरळ वर जाईल अशी आशा करणार. आणि जोड बिघडला की हे लोक काय करतात? गॅस वाढवतात. मिनिटाला सातचे पंधरा, पंधराचे वीस लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, असा हिशेब. तो उलटा पडतो. कपातून गॅस जोरात सुटला की घुसळतो आणि बाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढतो. सहा नंबरच्या कपाला सात-आठ लिटर पुष्कळ झाले. पंखा बंद करा, घाम पुसा, दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन उभे राहा. धूर जायला खिडकी उघडी पाहिजेच, फक्त झोत जोडावर नको.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर त्यात बसून टिग करू नका. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे कळायच्या आत माणूस आडवा होतो.

आणि गॅस घेताना "वेल्डिंगचा गॅस द्या" असं म्हणू नका. मिगसाठी, म्हणजे तार आपोआप पुढं सरकणाऱ्या वेल्डिंगसाठी, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळतं, ते टिगला चालत नाही. टंगस्टन बघता बघता जळतो. शुद्ध आर्गॉन मागा आणि रेग्युलेटर लिटर दाखवणाराच लावा.

टॉर्च प्लसमध्ये

एका ओळीची चूक आहे, पण महिन्यातून एकदा तरी दिसते. रॉडचा होल्डर बहुतेक वेळा प्लसला असतो, म्हणून टॉर्चही प्लसला जोडतात. टिगमध्ये स्टील आणि स्टेनलेसला टॉर्च मायनसला, अर्थचा क्लॅम्प प्लसला. उलटं केलं की उष्णता पत्र्यात जायच्या ऐवजी टंगस्टनमध्ये जाते, टोकाला गोळा येतो आणि वितळून थेंब पडतो. एका पठ्ठ्यानं असे तीन टंगस्टन संपवले आणि टंगस्टन डुप्लिकेट आहेत म्हणून माझ्याकडे आला होता.

पुसलं म्हणजे साफ झालं नाही

दुसरी माझी आवडती चूक. काळा पत्रा घेतात, म्हणजे हॉट रोल्ड, वर निळसर-काळी खपली असलेला. फडक्यानं पुसतात आणि सुरू. ती खपली म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. आर्क लागला की ते उकळतं, थडथडतं, डबक्यात, म्हणजे वितळलेल्या धातूत, भोकं पाडतं. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान एक-एक इंच चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत घासा. मागची बाजूही. मागची बाजू सगळे विसरतात, कारण ती दिसत नाही, पण तिथला मळही वितळून वर येतो. मग ॲसिटोन, स्वच्छ सुती फडकं. फिलरची, म्हणजे जोडात वितळवून भरायची, तारही पुसा. ती कुणाच्या तेलकट हातातून आली असेल कुणास ठाऊक. आणि स्टेनलेसचा तारब्रश वेगळा ठेवा, लोखंडाला लावलेला ब्रश स्टेनलेसला लावला की चार दिवसांनी त्यावर गंजाचे ठिपके येतात.

कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिले पंधरा दिवस नुसता पत्रा घासायला लावतो. निम्मे आठव्या दिवशी पळतात. उरलेल्यांच्या हाताला वळण लागतं. मला रील बघून आलेल्यांचा राग नाही, रीळवाल्यांचा आहे. एक तास घासलेलं कापून टाकतात आणि वीस सेकंदांचा आर्क दाखवतात.

साफसफाईत एक चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. काही शॉपमध्ये ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात, आणि बाजारातल्या काही ब्रेक क्लीनरमध्येही क्लोरीन असलेलं द्रावण असतं. ते पत्र्यावर किंवा आजूबाजूला वाफेच्या रूपात राहिलं आणि वर आर्क पेटला, तर उष्णतेनं आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच वायू. डब्यावर क्लोर हा शब्द कुठंही दिसला तर तो डबा वेल्डिंगच्या खोलीत आणायचाच नाही. वाळल्यावर चालेल का, असं मला विचारू नका.

जीआय पाइपही, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, तसाच. जस्त 907 अंशाला उकळतं, स्टील त्याच्या कितीतरी पुढं वितळतं. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. घासून जस्त काढा, नाहीतर त्या कामाचा नाद सोडा.

टंगस्टनचं टोक

आडवं घासू नका, उभं घासा. टोकावरच्या रेघा टोकाच्या दिशेनं धावल्या पाहिजेत, नाहीतर आर्क भटकतो. निमुळता भाग जाडीच्या दोन-अडीचपट लांब. त्यासाठी एक चाक वेगळं ठेवा, ज्या चाकावर सकाळी कोयता पाजळला त्यावर टंगस्टन नको. लाल टोकाचा टंगस्टन स्वस्त आणि चांगला चालतो, पण त्यात थोरियम असतं, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये. मी स्वतः निळ्या टोकाचा, लँथनमवाला वापरतो. घरच्या माणसानं लाल घेऊच नये या मताचा मी आहे.

टंगस्टन डबक्याला टेकला तर थांबा आणि पुन्हा घासा. "चालतंय की" म्हणून पुढं गेलात तर टोकावर चिकटलेलं लोखंड तुम्हाला तासभर छळेल. शिकताना दिवसात वीस वेळा टेकतो. मी चार-पाच टंगस्टन आधीच घासून ओळीनं ठेवतो, म्हणजे उठायचा कंटाळा आडवा येत नाही. आणि आर्क विझला की टॉर्च लगेच उचलू नका. गॅस अजून वाहतोय तो त्या लालबुंद टोकासाठी आणि जोडासाठीच आहे. शंभर अँपिअरला दहा सेकंद धरा.

वीज

घरातल्या सोळा अँपिअरच्या प्लगवर चालेल का, हा रोजचा प्रश्न. कमी अँपिअरवर टिग चालतो, कारण 160 अँपिअरला टिगच्या आर्कला साधारण 16 व्होल्ट लागतात आणि रॉडला 26. म्हणजे त्याच मशीनवर रॉड लावला की बोर्ड वितळायचा. पण घरात कायमचं मशीन बसवताय तर डीबीतून (घरच्या मुख्य वीजपेटीतून) 4 स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची वेगळी लाइन, 32 अँपिअरचा सी टाइप एमसीबी आणि खरं अर्थिंग एवढं करून घ्या, आणि ते परवानाधारक वायरमनकडून. गुंडाळी न सोडता वापरलेली एक्स्टेन्शन ही माझ्या मते शेगडी आहे.

पंचगंगेच्या अंगाला राहणाऱ्यांना 2019 आणि 2021 नंतर हे सांगायला नको, पण तरी: मशीन आणि सॉकेट जमिनीलगत नको. पूर आला नाही तरी आपल्याकडचा पावसाळा फरशीला घाम आणतो.

बारीकसारीक

अर्थचा क्लॅम्प रंगावर नको, घासलेल्या धातूवर. सिलिंडर उभा आणि साखळीनं भिंतीला बांधलेला. डीसी मशीनवर ॲल्युमिनियम होत नाही, कितीही यूट्यूब बघा. ते 660 अंशाला वितळतं आणि वरची ऑक्साइडची साय दोन हजारांच्या पुढं, ती फोडायला एसी लागतं. बुलेटचा स्टेनलेस सायलेन्सर जोडताना आतूनही आर्गॉन सोडा, नाहीतर आतला जोड जळक्या साखरेसारखा फुलतो. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे टिगवर शिकायला घेऊ नका. फाउंड्र्यांच्या गावात राहतो म्हणून बीड फुकट मिळतं, पण ते तडकतं.

डोळे. स्वस्त ऑटो हेल्मेट तीस-चाळीस अँपिअरच्या बारीक आर्कला कधीकधी काळं होतच नाही. आणि पांढऱ्या भिंतीवरून आर्क परत येतो. पार्किंगमध्ये उभं राहून बघणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखं होतं आणि मग घरात बटाट्याच्या चकत्या निघतात. चकत्या नकोत, डोळ्यांचा डॉक्टर गाठा. आणि त्याआधी पडदा लावा.

एवढं सगळं बघूनही जोड काळाच पडत असेल तर या मशीन घेऊन. माझा क्रम ठरलेला आहे: टोपी, कप, पाइप, पत्रा, टंगस्टन, क्लॅम्प, लाइनचं व्होल्टेज, आणि सगळ्यात शेवटी मशीनचं झाकण. ते तुम्ही घरी उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात. इतक्या वर्षांत फॉल्टी म्हणून आलेल्या मशीनचं झाकण उघडायची वेळ माझ्यावर दोनदाच आली. एकदा आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं. दुसऱ्यांदा पाल होती, बोर्डावर आडवी, पार वाळून गेलेली. तेवढं एकच मशीन खरोखर जळालं होतं.