पणजीचं माहेर शोधायला निघण्यापूर्वी

वंशावळीसाठी जुन्या नोंदी शोधायला तालुक्याला जायच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढा. थट्टा नाही. लग्नामुंजीत दिलेल्या तांब्या-पातेल्यांवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत, आणि त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही सापडते. आमच्या पणजीचं माहेर कोणतं, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. एका चेपलेल्या तांब्याच्या काठाखाली तिच्या भावाचं नाव निघालं आणि गावाची पहिली दोन अक्षरं. भांडं चिंच लावून घासायचा मोह मात्र आवरा, अक्षरं आधीच झिजलेली असतात. उजेड तिरका पाडून फोटो घ्या आणि लगेच लिहून ठेवा: तांब्या, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी पाहिला, दाखवला कुणी.

बाकी घरातलं तुम्हाला ठाऊक आहेच: शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, जुनी रेशनकार्डं, फोटोंच्या मागच्या बाजू. पोथ्यांचे पुठ्ठेही उलटून बघा. मुलांच्या जन्मवेळा तिथे टिपलेल्या असतात. घरातल्या वयस्कर आत्याला किंवा मावशीला "आपला इतिहास सांग" म्हणू नका, ती काहीच सांगणार नाही. "तुझ्या आजीला माहेरी काय हाक मारायचे?" असं विचारा. तिचं बोलणंही पुरावाच आहे, म्हणून त्याखाली तारीख घाला, आणि तिने हे स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं, तेही.

मग वही. एकच, दोनशे पानी, आणि पहिली नोंद करण्याआधी पानांना क्रमांक घालून. नोंद उतरवताना आधी तिचा पत्ता लिहायचा: कोणतं कार्यालय, कोणतं दप्तर, मौजे, तालुका, साल, पान, नोंद क्रमांक, मूळ कागद पाहिला की झेरॉक्स, आणि पाहिल्याची तारीख. त्याखाली मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. आणि त्याखाली वेगळ्या शाईने आपला तर्क. हा क्रम माझ्या मनात पक्का बसला तो फजितीनंतर. एका दप्तरखान्यात मी मोडी कागदांचे छान फोटो काढले, पण कागद कोणत्या रुमालातला, ते टिपायचं राहिलं. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. फोटोत आमच्या गावचं नाव स्पष्ट वाचता येतं, पण कुणी "हे कुठलं?" विचारलं की मला उत्तर नाही. आता पहिला फोटो नेहमी रुमालावरच्या चिठ्ठीचा.

तालुक्याला निघताना गावाची जुनी ओळख बरोबर हवी. १९८१ आणि १९८२ साली बरेच जिल्हे फुटले: रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, औरंगाबादेतून जालना, उस्मानाबादेतून लातूर, चंद्रपुरातून गडचिरोली. त्यामुळे तुमच्या गावचा जुना कागद आजच्या जिल्ह्यात असेलच असं नाही. जमिनीचंही तसंच. शेतांच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घ्या, नाहीतर दुसऱ्याच्याच आजोबांचा सातबारा घेऊन घरी याल.

सातबारा स्वतः फारसं बोलत नाही. त्यावर कंस झालेली, म्हणजे कमी केलेली नावं आणि वर्तुळातले फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, उतरवून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे मागवत जा. खरा ऐवज वारसाच्या फेरफारात असतो: खातेदार कधी मयत झाला, मागे कोण राहिलं, कोणाचं नातं काय. वाचण्याआधी काही खुणा पाठ करा. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" आणि "भ्र." म्हणजे अमक्याची बायको, "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अ.पा.क. दिसलं की थांबा. वारस अज्ञान होता, म्हणजे त्या वर्षी अठराच्या आतला, आणि त्यावरून जन्माचा अंदाज बांधता येतो. मुलींची नावं पुष्कळदा गाळलेली असतात. फेरफारात बहीण नाही म्हणून बहीण नव्हतीच, असं वंशावळीत लिहू नका.

गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते मागताना वर्ष नेमकं सांगायची तयारी ठेवा. "जुनं काहीतरी" म्हटलं की कारकून मान हलवून पुन्हा चहाकडे वळतो. ही जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". मृत्यूच्या रकान्यात कारण असतं: ताप, पटकी, देवी. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं मी एकदा उलटली. त्या साली इन्फ्लुएन्झाची साथ होती, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे एकाच हाताने, एकाच शाईने, खाली खाली "ताप, ताप, ताप" लिहिलेलं होतं आणि पान भरल्यावर समासात आडवं. आमच्या घरातले दोघे त्या समासात आहेत. नोंदीचा पत्ता लिहिताना "समासातली नोंद" असंही लिहिलंय, नाहीतर पुढचा माणूस रकान्यात शोधत बसेल.

शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज घेऊन जा. तिथे जन्मतारीख १ जून दिसली तर हुरळून जाऊ नका. ज्यांची तारीख घरच्यांना सांगता यायची नाही, त्या पोरांना गुरुजींनी सरसकट एक जूनला जन्माला घातलंय. माझ्या आजोबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची तारीख एकच, वर्षं दोन. वंशावळीत "१ जून, शाळेच्या रजिस्टरप्रमाणे" असं लिहा. शेवटचे दोन शब्द गाळलेत की नातवंडं त्या तारखेला जयंती साजरी करतील.

त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरला क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे यजमानांच्या वंशाच्या वह्या ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडे, जाणार असाल तर मूळ गाव आणि आडनाव दोन्ही पक्कं करून जा, त्यांच्या वह्या त्यावरच लागलेल्या असतात. पूर्वजांच्या सह्या बघायला मिळाल्या तर हात आपोआप जोडले जातात. फोटोची परवानगी विचारा, दक्षिणा द्या, आणि कोणत्या घराण्याच्या उपाध्यायांची कोणती वही, हे टिपा. सांगली-कोल्हापूरकडच्यांनी हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणारा, गावात येऊन गेला का याची चौकशी करावी. गोव्यात कुलदैवत असलेल्यांनी देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने देवस्थानचे सभासद असलेल्या घराण्यांच्या, नोंदी विचाराव्यात. छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा इतिहास, असेल तर तोही घ्या, पण वाटाड्या म्हणून. त्यातल्या पुष्कळ ग्रंथांत मजकूर कुठून घेतला ते सांगितलेलंच नसतं.

पुण्याचं पुराभिलेखागार, १८९१ सालची ती एलियनेशन ऑफिसची, म्हणजे इनाम जमिनींच्या दप्तराची इमारत, सगळ्यांना आधी आठवते. घराण्यात इनाम, वतन, कुलकर्ण किंवा देशमुखी असेल तर जरूर जा. इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क सांगताना लोकांनी वंशावळी दाखल केल्या होत्या. साध्या कुणब्याच्या घरच्या माणसाने मात्र तालुक्यापासूनच सुरुवात करावी. मोडी येत नसेल तर वाचणारा आधी ठरवा. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून लिप्यंतरात शंका असलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह ठेवायला सांगा. सालांचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा: इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, पौषानंतरच्या तिथीला ७९, महसुली कागदांतल्या फसली सनात ५९० किंवा ५९१, मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००, कारण तो मृग नक्षत्रापासून सुरू होतो. शुहूर साल अरबी अंकशब्दांत लिहितात: "इहिदे सबैन मया व अलफ" म्हणजे ११७१, म्हणजेच १७७०-७१. बदललेलं साल लिहा, पण मूळ शब्द खोडू नका.

आदल्या रात्री पिशवीत घाला: वही, पेन्सिली (अभिलेखागारात शाईचं पेन बाहेर ठेवायला लावतात), भिंग, आधार कार्डाच्या दोन प्रती, अर्जाचा कोरा कागद, कोर्ट फी स्टॅम्प, सुटे पैसे, डबा. परत आल्यावर त्याच रात्री फोटोंना नावं द्या. पणजीच्या गावाची दोन अक्षरं माझ्याकडे आहेत आणि त्या अक्षरांची तीन गावं आमच्या जिल्ह्यात आहेत. सोमवारी पहिल्या गावच्या नमुना १४ साठी अर्ज देणार आहे.