हालचाल परत देणारे कल्पित इम्प्लांट विज्ञानकथेत आणताना

मज्जातंतूंच्या इजेने निकामी झालेला हात किंवा पाय पुन्हा हलवणारे इम्प्लांट विज्ञानकथेत आणायचे असेल, तर उपकरणाचे रूप नंतर ठरवावे. आधी इजा नेमकी कुठे झाली आहे ते ठरवावे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी राहते. मज्जारज्जूला इजा झाली असेल तर मेंदूचा आदेश वाटेत अडतो, पण इजेच्या खालचे मज्जातंतू आणि स्नायू बहुधा जिवंत असतात. हातातला मज्जातंतू तुटला असेल तर मात्र स्नायूचा आधारच जातो. असा तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. तो खांद्याजवळ तुटला आणि बोटांपर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर धरले, तर पोहोचायला जवळपास दोन वर्षे लागतील. त्याआधीच, साधारण दीड वर्षात, तो स्नायू कायमचा निकामी होत आलेला असतो. हा उशीर कथेचा कणा होऊ शकतो. आपले इम्प्लांट तंतूची वाढ वेगवान करते, की तंतू येईपर्यंत स्नायू जगवते, यांपैकी एकच निवडावे. दोन्ही साधणाऱ्या उपकरणाने कथेतला ताणच नाहीसा होतो, असे माझे मत आहे.

मज्जारज्जूची इजा निवडली, तर प्रत्यक्षात झालेले काम समोर ठेवावे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१८ साली मज्जारज्जूच्या आवरणावर बसवलेल्या इलेक्ट्रोडांतून नेमक्या क्षणी विद्युतस्पंद देऊन काही रुग्णांना चालते केले, आणि २०२३ साली एका रुग्णाच्या मेंदूतील हालचालीचा हेतू टिपून तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचवला. दोन्ही वेळा महिनोन्‌महिने सराव करावा लागला होता. तो सराव कथेतून वगळू नये.

थकव्याकडे लेखकांचे सहसा लक्ष जात नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची जागा वाटते. शरीर स्वतः हालचाल करते तेव्हा आधी लहान, चिवट स्नायूतंतू कामाला लागतात आणि जोर वाढेल तसे मोठे तंतू त्यांत सामील होतात. बाहेरून दिलेली वीज मात्र जाड मज्जातंतूंना आधी जागे करते, त्यांच्याशी जोडलेले मोठे स्नायूतंतू पटकन दमतात, आणि उभा राहिलेला माणूस थोड्याच वेळात खाली बसतो. आपले इम्प्लांट हा क्रम सुधारते का, आणि कसे, हे लिहावे. तसेच संवेदना परतीच्या वाटेने मेंदूपर्यंत जात नसेल, तर डोळे मिटताच पात्राला आपला हात कुठे आहे हे कळणार नाही. इलेक्ट्रोडांभोवती कालांतराने व्रणऊती साचते, त्यामुळे उपकरणाची जुळणी पुन्हा करावी लागेल, एवढे एका वाक्यात सांगितले तरी पुरते.

पात्राला काय हवे आहे, हे त्याच्या इजेवरूनच ठरवावे. मानेच्या पातळीवर इजा झालेल्या अनेकांना चालण्यापेक्षा हातांचा वापर परत मिळणे अधिक मोलाचे वाटते. म्हणून पहिल्या प्रसंगात त्याला धावायला लावण्याऐवजी स्वतःच्या शर्टाची बटणे लावू द्यावीत, आणि किती वेळ लागला, कितव्या बटणाशी बोटे दमली, हे नेमके लिहावे.