व्होल्टेज वाढवण्याआधी: मायक्रोचॅनलमध्ये रेणू एकवटताना या चुका टाळा

मायक्रोचॅनल म्हणजे केसासारखी बारीक द्रववाहिनी; व्होल्टेज लावून तिच्यात विखुरलेले रेणू एका जागी जमवायचे असतात. डीएनए ऋणभारित, म्हणजे तो अ‍ॅनोडकडे, म्हणजे धन इलेक्ट्रोडकडे जाणार आणि तिथे साचणार, एवढ्या हिशेबावर बरेच जण प्रयोग मांडतात. जमलेल्या रेणूंचा चमकता पट्टा दिसला नाही की हात थेट पॉवर सप्लायकडे जातो. तो आवरा आणि आधी करंट बघा.

करंट हळूहळू चढतोय? द्रव तापतोय. वाहकता दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी वाढते. सवयीने वापरलेलं पीबीएस, म्हणजे मीठ घातलेलं फॉस्फेट बफर, इथे नडतं. 1 मिलिमोलर मिठाच्या पाण्यापेक्षा ते जवळपास शंभरपट वाहक आहे. करंट थरथरत असेल किंवा अचानक कोसळला, तर बुडबुडा अडकलाय. नुसतं डीगॅसिंग करून, म्हणजे द्रवात विरघळलेली हवा आधी काढून, तो थांबत नाही, कारण हा वायू पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्याला तत्त्वतः 1.23 व्होल्टही पुरतात. इलेक्ट्रोड चॅनलबाहेर, उघड्या रिझर्व्हॉयरमध्ये ठेवा. आतच हवे असतील तर मध्ये जेलचा थर द्या.

पीएचकडे मात्र फारच कमी लोक बघतात. अ‍ॅनोडपाशी आम्ल तयार होतं, कॅथोडपाशी, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडपाशी, अल्कली. बीएसए या गायीच्या रक्तातल्या प्रोटीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो तो, 4.7 च्या आसपास; पीएच त्याखाली गेला की त्याचा भारच उलटतो आणि अ‍ॅनोडकडे निघालेलं प्रोटीन माघारी फिरतं. त्यात रेणू दिसावेत म्हणून वापरलेला फ्लुरोसिन हा चमकता रंग आम्लात मंद पडतो, म्हणजे रेणू जमलेले असूनही पडद्यावर अंधार! म्हणून तापमान आटोक्यात ठेवायला सगळंच पातळ करू नका. सोडियम क्लोराइड काढा, पीएच स्थिर ठेवणारा बफर ठेवा. हिस्टिडिनसारखे कमी वाहक बफर याचसाठी असतात, शिवाय क्लोराइड गेलं की अ‍ॅनोडवर क्लोरीन बनून डीएनए खराब होण्याची भीतीही जाते.

तरीही रेणू पुढे सरकत नसतील तर भिंतींवर संशय घ्या. काच आणि प्लाझ्माची प्रक्रिया केलेलं पीडीएमएस (चॅनल घडवायला वापरतात ते सिलिकॉन रबर) ऋणभारित असल्याने अख्खा द्रवच कॅथोडकडे वाहतो, डीएनएच्या बरोबर उलट. भाररहित रंग सोडून पाहा. तोही वाहत निघाला, तर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा लेप देऊन भिंतींचा भार झाका.

आणि पट्टा दिसलाच, तर लगेच खूश होऊ नका. व्होल्टेज बंद करा. बीएसएचा 50 मायक्रॉनचा पट्टा मिनिटाभरात पसरायला हवा; तसाच राहिला, तर तो भिंतीला चिकटलाय. लांब डीएनए फार सावकाश पसरतो, त्याच्यासाठी ध्रुव उलटे करा: सुटा असेल तर परत निघेल, चिकटलेला जागचा हलणार नाही.