लॉगिन केलं की परत लॉगिन? सेशन टिकत नसेल तर हे बघा

म्हापशाच्या एका होमस्टेची बुकिंग साईट करत होतो, पीएचपीमध्ये, आणि लॉगिन केलं की पुढच्या पानावर परत लॉगिनच मागायची, दोन रात्री गेल्या त्यात, वर पावसाने लाईट पण गेलेली. तर आधी कोडला हात लावू नका, एफ१२ दाबा आणि नेटवर्क टॅबमध्ये सेट-कुकी हेडर येतोय का बघा, कुकी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला दिलेली चिठ्ठी, ती परत आली की सर्व्हर तुमचं सेशन, म्हणजे लॉगिनची आठवण, ओळखतो. नसेल येत तर सेशन स्टार्टच्या आधी काहीतरी आउटपुट गेलेलं असू शकतं, फाईलच्या सुरुवातीची रिकामी ओळ किंवा बीओएम (एडिटर फाईलच्या सुरुवातीला घालतो ती अदृश्य खूण), डोळ्यांना दिसत पण नाही मेलं.

कुकी येते पण परत जात नाही? सिक्युअर फ्लॅग (कुकी फक्त एचटीटीपीएसवरच) लावून साईट साध्या एचटीटीपीवर चालवताय का बघा. माझं वेगळंच होतं, लॉगिन लोकलहोस्टवर आणि रिडायरेक्ट १२७.०.०.१ वर, मशीन तेच पण ब्राउझरला दोन वेगळे पत्ते, पणजीची चावी फोंड्याच्या कुलपाला. पेमेंट गेटवेवरून परतल्यावरच सेशन उडतं तर सेमसाईट बघा, दुसऱ्या साईटवरून येताना कुकी पाठवायची की नाही ते ठरवणारी सेटिंग, क्रोम २०२० पासून काही लिहिलं नसेल तर लॅक्स (मधला नियम) धरतो, मग दुसऱ्या साईटवरून पोस्टने (फॉर्म पाठवून) आलात आणि कुकी दोन मिनिटांहून जुनी असली की ती जातच नाही.

कुकी जातेय तरी डेटा रिकामा, तर सेशन फोल्डरची राईट परमिशन, डिस्क फुल वगैरे. दोन सर्व्हर असतील तर सेशन रेडिसमध्ये, म्हणजे दोघांनाही वाचता येईल अशा सामायिक डेटा साठ्यात ठेवा. आणि थोड्या वेळाने जात असेल तर जीसी मॅक्सलाईफटाईम बघा, पीएचपीने न वापरलेलं सेशन किती वेळ जपायचं ती सेटिंग, डीफॉल्ट १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, गिऱ्हाईक शीतकडी जेवून येईपर्यंत संपलं.