भजनी मंडळाची वीणा पुढच्या हाती कशी द्यावी

गोव्यातल्या आमच्या डिचोली महालात मंडळाचा मुख्य गायक, म्हणजे बुवा, अंथरुणाला खिळला की मगच ‘आता मंडळ कोण चालवणार’ याची चर्चा सुरू होते, तीही चहाच्या गाड्यावर. हे टाळायचे असेल तर गळा शाबूत असतानाच कामाला लागा. पर्तगाळी मठात 2017 साली शिष्यस्वीकार झाला, म्हणजे पुढचे स्वामी ठरले, गुरुस्वामींनी 2021 साली देह ठेवला. मधल्या काळात शिष्यस्वामी त्यांच्या हाताखाली तयार झाले. मठाचा पसारा आपल्याकडे नसतो, पण दोन-चार वर्षांची मुदत आपणही धरावी.

माणूस निवडताना गळ्यावर भाळू नका. कला अकादमीच्या स्पर्धेत ताना मारणारे इथे पैशाला पासरी मिळतील. आरती झाल्यावर मागे कोण राहतो ते बघा. टाळांच्या जोड्या लावून पेटीत ठेवणारा, पखवाजाच्या धुमावरची कणीक सुकायच्या आत खरवडून काढणारा असा एखादा असतोच. मी माझ्यामागे निवडलेला माणूस वीज खात्यात लाईनमन आहे, आवाज बेताचाच.

त्याच्या हाती आधी वही द्या, अभंग नंतर. जनार्दनस्वामींनी नाथांना देवगिरीवर हिशेबालाच बसवले होते आणि पैची चूक सापडेपर्यंत नाथ रात्रभर जागले, ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मग करूनही दाखवू या. कोणाच्या घरची सुपारी कधी, दक्षिणा किती, आषाढीच्या दिंडीत चोर्ला घाट चढताना कोणाच्या गुडघ्यांना गाडी लागते, हे सगळे त्या वहीत हवे. मग भजनाच्या सुरुवातीचा रूपाचा अभंग त्याच्याकडे सोपवा, पुढे गवळण. त्याने पट्टी चढी धरली तर पेटीवाला सांभाळून घेईल. आपण घसा खाकरायचासुद्धा नाही.

देवीला प्रसाद लावावा का, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल घ्यावा का, असे लोक विचारतात. जरूर लावावा, पण एकच नाव घेऊन. दोन नावे नेलीत तर पाकळी कुठूनही पडो, एका घरातली माणसे दुसऱ्या दिवसापासून भजनाला यायची बंद होतात.

वीणा द्यायची ती सप्ताहात, भरल्या देवळात, पहारा बदलताना. ती जमिनीला लागता कामा नये. घेणारा वाकतो तसे देणाऱ्यानेही वाकायचे. आपण वयाने थोरले असलो तरी त्या घडीला तो वीणेकरी. माझ्या लाईनमनने पाय मागे घेतले, “बुवा, नका हो!” म्हणाला. मी म्हटले, “उभा राहा गप, वीणा हलते.” त्याआधी पुजाऱ्यांना सांगून गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या मागण्यात, त्याचे नाव घालून घ्या, देवासमोर उच्चारलेले नाव गावात सहसा कोणी खोडत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर आपली. जागा मागे, टाळकऱ्यांत. पुढच्या चटईवर बसून भुवया उडवणारे जुने बुवा मी पाहिले आहेत. नवा माणूस दोन महिन्यांत मंडळ सोडतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की फोन आपल्यालाच येतात. “त्याला विचारा” एवढेच बोलायचे आणि नंबर द्यायचा. माझ्या सख्ख्या बहिणीलाही तोच नंबर दिला. ती फणकारली आहे, पण तिच्याकडचे भजन त्याने ठरवले, रात्री साडेआठला.