भीमबेटकाची चित्रं बघायची कशी

भोपाळहून साधारण ४५ किलोमीटर, विंध्याच्या डोंगरात या खडकातल्या गुहा; आत अश्मयुगातल्या शिकाऱ्यांपासूनची चित्रं. सकाळी लवकर पोचा आणि छोटी दुर्बीण घ्याच. काही चित्रं डोक्याच्या बरीच वर आहेत. उन्हातून आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की दगडातून हरणं बाहेर यायला लागतात. पहिल्या खेपेला मी घाईघाईत निघालो, ते अजून मनाला लागतं.

मुक्काम ठोकायचा तो ‘झू रॉक’पाशी. एकाच भिंतीवर हत्ती, गवे, हरणं आणि घोडेस्वारही. कुठली रेघ कुठल्या रेघेवरून गेलीय ते शोधा. वरची ती नंतरची. घोड्यावर तलवारवाला दिसला की समजा, हे जुन्या शिकाऱ्यांचं काम नव्हे, हजारो वर्षांनंतरचं. शिकाऱ्यांच्या काही जनावरांची पोटं निरखा: आत रेघांची जाळी भरलेली असते. मी चित्रकलेचा मास्तर, तरी इतक्या सरळ हाताने गेरू ओढणं मला जमायचं नाही. हो, लाल रंग म्हणजे आपला गेरूच.

फोटोत रंग उठावा म्हणून पाणी शिंपडू नका, फ्लॅश नको, बोटही नको. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ साली हे खडक रेल्वेतून हेरले होते. आपण निदान दोन तास तरी द्यावेत.